हे बायबलमध्ये कुठे आहे?

२२ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातल्या महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी लागू झाली, आणि त्याच दिवशी ‘अँड टीव्ही’ या हिंदी वाहिनीवर ‘येशू’ ही मालिका सुरू झाली. मीरा-भाईंदर ही महापालिका असल्यामुळे इथला नाताळही त्या वर्षी रात्री अकराच्या आत आटोपायचा होता. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा नेहमीच्या वेळी होणे शक्य नव्हते. माणसे घरात होती, टीव्ही चालू होता आणि पडद्यावर बाळ येशू, मरिया, योसेफ अस्खलित हिंदीत बोलत होते. अरविंद बब्बल यांच्या संस्थेची ही निर्मिती. विवान शाह या बालकलाकाराने येशूची, सोनाली निकम यांनी मरियेची आणि आर्य धर्मचंद यांनी योसेफाची भूमिका केली. हिंदी मनोरंजन वाहिन्यांवर देवादिकांच्या मालिकांचा सुकाळ असला तरी ख्रिस्ताच्या आयुष्यावर रोजची मालिका ही नवलाई होती. साहजिकच ती पाहणाऱ्या प्रत्येकाने आपले मत बनवले. त्या मतांचा विचार इथे करायचा आहे, कारण ती कशाच्या आधारावर बनतात हे पाहिले की आपण पवित्र कथा कशा पाहतो तेही कळते.

मीरा रोड पूर्वेचे बेव्हर्ली पार्क या विचाराला सोयीचे ठिकाण आहे. रुळांच्या पलीकडे, भाईंदर पश्चिमेपासून डोंगरी-उत्तनपर्यंत, पोर्तुगीज अमलापासूनची ख्रिस्ती वस्ती आहे. तिथल्या कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांत येशूची गोष्ट पिढ्यान् पिढ्या मराठीच्याच बोलींतून सांगितली गेली. अलीकडे, हाकेच्या अंतरावर, नया नगरचा मुस्लिम शेजार आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला आली, हा या उपनगराच्या वाढीचा मोठा भाग. शिवाय गुजराती, जैन, मराठी, उत्तर भारतीय, केरळी अशी सरमिसळ आहेच. अशा वस्तीत बायबलमधली कथा टीव्हीवर आली की एकाच प्रसंगावर तीन तऱ्हेची मते पडतात. ख्रिस्ती प्रेक्षक विचारतो, हे बायबलमध्ये कुठे आहे? मुस्लिम प्रेक्षक म्हणतो, आमच्याकडे हे वेगळे सांगितले आहे. हिंदू प्रेक्षकाला वाटते, हे तर थेट कृष्णाच्या बाललीलांसारखे झाले. तिन्ही मते आपापल्या जागी रास्त आहेत. मात्र पहिला प्रश्न विचारून आपण जिथे थांबतो, तिथे मालिकेचे खरे परीक्षण सुरू व्हायला हवे. प्रसंग ग्रंथात नसला, तर त्याने ग्रंथातल्या कथेचे काय केले? तो कथेच्या अंगाने वाढला आहे की तिच्या मुळावर आला आहे?

येशूच्या बालपणाबद्दल नव्या करारात फार थोडे आहे. मत्तय आणि लूक जन्माची हकीकत सांगतात. मार्क आणि योहान तर थेट मोठ्या येशूपासून सुरुवात करतात. जन्मानंतर आणि नासरेथला स्थायिक झाल्यानंतर बालपणाचा एकच प्रसंग उरतो, तो लूकच्या दुसऱ्या अध्यायात. वल्हांडणाच्या सणासाठी यरुशलेमला गेलेला बारा वर्षांचा येशू मागे राहतो, आईवडील एक दिवसाची वाट चालून गेल्यावर त्यांच्या ते ध्यानात येते, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना सापडतो. पुढे सुमारे तिशीत तो कार्याला लागेपर्यंत शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. ज्या मालिकेला आठवड्यातले पाच दिवस बालपण दाखवायचे आहे, तिला ही एवढी सामग्री आठवडाभरही पुरणार नाही. तेव्हा ‘येशू’ मालिकेत पदरचे प्रसंग असणार हे बालपण हा विषय निवडला त्याच दिवशी ठरले. पदरचे आहे एवढ्यावरून तिला नापास करायचे, तर लेखकांना पेपर लिहायलाच बसू द्यायला नको होते.

यावर श्रद्धावान माणसाचा आक्षेप असतो की पवित्र ग्रंथात भर घालायचीच नाही. अनुवादाच्या पुस्तकात आणि प्रकटीकरणाच्या शेवटी तशी स्पष्ट ताकीद आहे, त्यामुळे आक्षेप हलका नाही. पण श्रद्धेचे प्रत्यक्ष जीवन या ताकिदीचा अर्थ इतका कडक लावत नाही. नाताळात चर्चच्या आवारात आणि घराच्या कोपऱ्यात मांडला जाणारा गोठा जरा जवळून पाहा. गव्हाणीत बाळ, एका बाजूला गुडघे टेकलेले मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला भेटी घेतलेले तीन राजे, मागे बैल आणि गाढव, वर तारा. यातले मेंढपाळ आणि गव्हाण लूकची आहेत, तारा आणि पूर्वेकडचे मागी मत्तयचे आहेत. मत्तय त्या मागी लोकांना राजे म्हणत नाही आणि त्यांची संख्याही देत नाही. भेटी तीन म्हणून माणसे तीन झाली. शिवाय तो त्यांना गोठ्यात आणतच नाही, ते एका घरात शिरतात. बैल आणि गाढव तर दोघांच्याही जन्मकथेत नाहीत. ती जोडी यशयाच्या पहिल्या अध्यायातून उचलून परंपरेने तिथे बांधली. म्हणजे नाताळचा गोठा हेच एक रूपांतर आहे, दोन हकिकती एकत्र करून आणि थोडी भर घालून केलेले. तो कुणाला खटकत नाही, आणि खटकू नयेच. कारण त्या भरीने कथेचा गाभा हलत नाही. गरिबीत जन्मलेले मूल, त्याला ओळखणारे आधी गुराखी-मेंढपाळ आणि मग दूरदेशीचे जाणते, हा अर्थ गोठ्यात शाबूत राहतो, उलट अधिक ठसतो.

मराठी मुलखाला तर बायबलच्या कथा वाढवून सांगण्याची चांगली चारशे वर्षांची सवय आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. त्यात श्रोता प्रश्न विचारतो आणि सांगणारा उत्तर देतो. मूळ बायबलात नसलेली ही संवादाची चौकट स्टीफन्सने पुराणकथनाच्या रीतीतून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या अहमदनगरात ख्रिस्ती कीर्तने रुजली. पुढे नारायण वामन टिळकांनीही हा प्रकार जवळ केला. याच काळात मुंबईतले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले आपले मराठीभाषक ज्यू, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनात लावू लागले. आख्यान म्हटले की वर्णन आले, संवाद आले, मूळ ग्रंथाने दोन ओळींत उरकलेला प्रसंग अर्धा तास रंगवणे आले. त्या श्रोत्यांना त्यात पाखंड दिसले नाही.

मग टीव्ही मालिकेबद्दलच एवढी कुरकुर का? याचे उत्तर माझ्या मते कीर्तन आणि मालिका यांच्या घडणीतच आहे. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. आधी वचन आणि त्याचे विवेचन, मग त्याला धरून आख्यान. ग्रंथाचे वचन कुठे संपले आणि बुवांची रसवंती कुठे सुरू झाली, हे श्रोत्याला समोर उभ्या माणसाच्या आवाजावरूनही कळते. पडद्यावर हा सांधा बुजतो. लूकने लिहिलेला मंदिरातला प्रसंग आणि लेखकाने काल रात्री रचलेला बाजारातला प्रसंग, दोन्हींना तेच नेपथ्य, तोच प्रकाश, तेच पार्श्वसंगीत. ज्याने बायबल वाचलेले नाही, त्याला दोन्ही सारखेच प्रमाण वाटणार, आणि आपल्या देशात अशा प्रेक्षकांचीच संख्या मोठी. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि सुरुवातीला पळवलेल्या बारीक अक्षरांतल्या खुलाशाने तो भागत नाही. रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेने १९८७ मध्ये निदान एवढे केले होते की वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर कंब, कृत्तिवास, आपले भावार्थ रामायण अशा आधारग्रंथांची नावे प्रेक्षकापुढे ठेवली. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या कथेत नाही, पण रामकथा अनेक मुखांनी सांगितली गेली आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याने ती मालिकेत आली तेव्हा कुणी फसले नाही.

आता दुसरा प्रश्न, भरीने ग्रंथातल्या कथेचे काय केले हा, लावून पाहू, आणि त्यासाठी गिरगावात जाऊ. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत त्यांनी सांगितले की पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या येत होती. बायबलच्या पडद्यावरच्या रूपांतरावर मराठी प्रेक्षकाने व्यक्त केलेले हे बहुधा सर्वांत फलदायी मत. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, ‘श्रीकृष्णजन्म’ झाला, १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ झाला आणि त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. ख्रिस्त पाहताना फाळक्यांना कृष्ण दिसला. शंभर वर्षांनी हिंदी मालिकेचे कर्ते ख्रिस्ताकडे पाहू लागले तेव्हा त्यांनाही बाळकृष्णच दिसला, असे म्हणायला जागा आहे. नाहीतर ज्या चरित्रात बालपण जवळजवळ कोरे आहे, त्या चरित्राची मालिका बालपणावर कोण उभी करील? आपल्याकडे अवताराचे बालपण हा श्रीमंत ऐवज आहे. भागवताच्या दशम स्कंधाने तो दिला, मालिकांनी पुन:पुन्हा वापरला, आणि प्रेक्षकालाही तोच हवा असतो.

पण दोन कथांची मांडणी इथेच वेगळी होते. बाळकृष्णाचे असामान्यत्व गोकुळाला पावलोपावली दिसते. पूतना, शकट, कालिया, गोवर्धन, दरवेळी गाव साक्षी असतो. लीला हेच त्या बालपणाचे सार आहे. येशूच्या बालपणाचे सार नेमके उलट आहे. ते कुणाच्या नजरेत न भरण्याचे आहे. मोठेपणी तो नासरेथच्या सभास्थानात बोलू लागतो तेव्हा गावकरी चक्रावून जातात. हा तर त्या सुताराचा मुलगा, याची आई, याचे भाऊ आपल्याला माहीत आहेत, मग याला हे ज्ञान आले कुठून? मत्तय आणि मार्क दोघेही हा प्रसंग नोंदवतात. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, त्याला योहान येशूचे पहिले चिन्ह म्हणतो. आता एखाद्या मालिकेत मुलगा गल्लीबोळात रोज काही अद्भुत करत असेल, तर नासरेथकरांच्या आश्चर्याचा अर्थ काय उरतो? आणि काना गावचा चमत्कार पहिला कसा? इथे भर ही भर राहत नाही, ती कथेच्या पुढच्या पानांना खोटे पाडते. गोठ्यातल्या बैलाने असे काही बिघडत नाही. म्हणून बैलाला चालू द्यावे आणि चमत्कारी बालपणाला हरकत घ्यावी, यात विसंगती नाही. दोन्ही ग्रंथाबाहेरचे, तरी दोन्हींचे परिणाम निराळे.

बाल येशूचे चमत्कार ही काही टीव्हीवाल्यांची युक्ती नव्हे, हेही सांगायला हवे. चर्चने प्रमाण न मानलेल्या जुन्या बालचरित्रांत, विशेषतः थोमाच्या नावावरच्या बालपणाच्या शुभवर्तमानात, छोटा येशू मातीच्या चिमण्या करतो आणि त्या उडून जातात. मातीच्या पाखरात प्राण फुंकण्याचा चमत्कार कुराणातही ईसा, म्हणजे येशू, यांच्या नावे आहे, आणि पाळण्यातले मूल बोलले हा प्रसंगही तिथे आहे. त्यामुळे एकाच इमारतीत एका घरी जे मनगढंत वाटेल, ते शेजारच्या घरी श्रद्धेचा भाग असू शकते. जुन्या करारातल्या योसेफाच्या कथेत हे अधिक ठळक दिसते. उत्पत्तीच्या पुस्तकात पोटीफरची बायको योसेफाचे वस्त्र धरते, तो ते तिच्या हाती सोडून पळतो आणि तेच वस्त्र त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. कुराणाच्या सूरह यूसुफमध्ये सदरा मागून फाटलेला असतो, आणि मागून फाटला म्हणजे तो पळत होता या तर्काने तोच सदरा त्याला निर्दोष ठरवतो. फळे कापता कापता यूसुफला पाहून बायका आपलेच हात कापून घेतात, तो प्रसंगही कुराणातला, उत्पत्तीतला नाही. २००८ च्या इराणी मालिकेत यूसुफची कथा या दुसऱ्या वाटेने जाते. ती पाहून ‘चूक दाखवले’ म्हणणाऱ्या ख्रिस्ती प्रेक्षकाने आधी विचारावे की ही मालिका कुठल्या ग्रंथाला बांधलेली आहे. पैगंबर पडद्यावर आणूच नयेत ही अनेक मुस्लिमांची भूमिका मात्र याहून मुळातली आहे. २०१४ मध्ये ‘नोहा’ हा हॉलिवूडपट इंडोनेशिया, मलेशिया, संयुक्त अरब अमिरातीत दाखवू दिला गेला नाही तो याच कारणाने. तिथे रूपांतर चांगले की वाईट हा वादच उद्भवत नाही. ही भूमिका ज्याला मान्य नाही त्यानेही शेजाऱ्याच्या मनात ती आहे याची जाण ठेवावी, एवढे म्हणून मी पुढे जातो.

‘येशू’ मालिकेच्या वाहिनीने स्वतः दोन गोष्टींवर भर दिला होता, आई-मुलाचे नाते आणि चांगल्या-वाईटाचा झगडा. मायलेकांचे नाते मराठी-हिंदी प्रेक्षकाला चटकन भिडते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिल्यापासून आई हाच पहिला गुरू ही कल्पना आपल्या हाडीमाशी आहे. मरिया मुलाला घडवते असे दाखवणे शुभवर्तमानांच्या विरोधात जात नाही. पण शुभवर्तमानांत या नात्याला एक बोचरी कडाही आहे. तीन दिवस शोधून थकलेल्या आईला बारा वर्षांचा मुलगा उलट विचारतो की तुम्ही मला शोधत का होता, मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे ठाऊक नव्हते का? काना गावच्या लग्नात तो आईशी काहीसा परकेपणाने बोलतो. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप आल्यावर तो समोर बसलेल्यांनाच आपली आई आणि भाऊ म्हणतो. मरियेचे मोठेपण असे की हे सारे न उमगताही ती मनात जपते, आणि शेवटी क्रुसापाशी उभी असते. निव्वळ लाडकोडात रंगलेली माता ही त्या मरियेपेक्षा लहान आहे. अशा मालिकेबद्दल प्रेक्षकाने खरी तक्रार करायची तर ती ही करावी. इथे जास्तीचे काही दाखवल्याचा प्रश्न नाही, जे आहे तेच मऊ करून ठेवल्याचा आहे.

सैतानाचे तसेच. मालिकेत अंकित अरोरा यांनी साकारलेला सैतान हे ठळक पात्र होते. रोजच्या मालिकेला खलनायक लागतो, हे समजण्यासारखे आहे. शुभवर्तमानांत सैतान येतो तो मुख्यतः अरण्यात, चाळीस दिवसांच्या उपवासानंतर, आणि तो शस्त्र उगारत नाही. तो शास्त्रवचने तोंडपाठ म्हणून दाखवतो. मोह हा धर्माच्याच भाषेत बोलतो, हे त्या प्रसंगाचे भेदक मर्म आहे. पुढे येशूच्या मरणाला जी कारणे घडतात ती माणसांची आहेत. तीस रुपये घेणारा यहूदा, तीनदा नाकारणारा पेत्र, हात धुऊन मोकळा होणारा पिलात, ओरडणारा जमाव. सैतान यहूदात शिरला असे लूक आणि योहान सांगतात खरे, पण त्याने यहूदाची जबाबदारी ते उतरवत नाहीत. शिंगे-काळे कपडे-गडगडाट अशा सैतानावर सगळा दोष ढकलला की पिलात सुटतो, जमाव सुटतो, आणि घरात बसून पाहणारा आपणही सुटतो. ही भर मला मातीच्या चिमण्यांहून जास्त नुकसान करणारी वाटते.

‘भावना दुखावल्या’ हा अखेरचा आक्षेप. भावना खऱ्या असतात, त्यांची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण न पाहता दुखावलेल्या भावनेचे काय होते याचा एक दाखला १९७७ चा आहे. फ्रँको झेफिरेल्ली यांच्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’ या मालिकेवर अमेरिकेतले एक नामांकित धर्मोपदेशक बॉब जोन्स तिसरे यांनी प्रसारणाआधीच, मालिका न पाहता, झोड उठवली. दिग्दर्शकाने मुलाखतीत येशूला साधा, कोमल माणूस म्हटले एवढे त्यांना पुरले. जनरल मोटर्स कंपनीने घाबरून प्रायोजकत्व सोडले, प्रॉक्टर अँड गॅम्बलने ते घेतले, आणि ती मालिका पुढे कित्येक वर्षे ईस्टरच्या सुमारास भाविकांच्या घरांत आवडीने पाहिली गेली. मत देण्याचा हक्क पाहण्याने मिळतो. आणि तो फक्त त्या धर्माच्या माणसाला असतो असेही नाही, नाहीतर फाळक्यांना गिरगावातल्या त्या पिक्चर पॅलेसमधून काहीच न म्हणता घरी जावे लागले असते.

वाहिन्यांकडे मागणे एकच आहे. बायबलमधली कथा दाखवाल तेव्हा प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, वाचता येईल एवढा वेळ आणि एवढ्या अक्षरांत, तो भाग कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या अध्यायावर आहे ते लिहा, आणि जिथे आधार नाही तिथे तसे लिहा. बुजलेला सांधा पुन्हा दिसू लागेल. प्रेक्षकांना सांगायचे ते त्याहून सोपे आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. येशूच्या बालपणावरची पुढची मालिका येईल त्या दिवशी, ख्रिस्ती असा वा नसा, लूकच्या दुसऱ्या अध्यायातली ४१ ते ५२ ही बारा वचने वाचून टीव्हीसमोर बसा. पाच मिनिटेही लागणार नाहीत.